घागर भरेपर्यंत

आक्का खाली बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवायची ती उभ्यानं, दारात, भाकरी तळहातावर घेऊन. चहा प्यायची तो चालता चालता, आणि बशी कुठंतरी ठेवून द्यायची ती दोन दिवसांनी पोत्यांमागं सापडायची. पाहुणा आला तर त्याला बसायला पोतं टाकायची आणि स्वतः त्याच्याभोवती फिरत बोलायची. पाहुण्याची मान दुखायला लागायची आणि तो लवकर उठायचा. झोपायची कधी आणि किती, हे तिच्या भिंतीला भिंत लागून साडेतीन वर्षं राहूनही मला सांगता येणार नाही. आडवी पडलेली मात्र पाहिली. मिरजेला, दवाखान्याच्या खाटेवर, डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि डॉक्टरांचा हुकूम की आठ दिवस मान हलवायची नाही. ती खाट कशी टिकली देव जाणे. पण ते पुढचं. मी नेहमी पुढचं आधी सांगते. वर्गात पोरंही हीच तक्रार करायची.

मी मूळची सांगलीची. वडील कंपाउंडर, पाठीवर दोन भाऊ. मास्तरणीची नोकरी लागली ती सातारा जिल्ह्यात, रहिमतपूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात. एकट्या पोरीला खोली द्यायला गावात कोणी तयार होईना. शाळेचा शिपाई म्हणाला, "गिरणीवाल्या आक्काकडं जावा. ती कुनाला भीत न्हाई." मी ट्रंक घेऊन गेले तर आतून एक पांढरीफटक बाई बाहेर आली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी घाबरलेच. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, तेव्हा खाली सावळी, चाळिशी उलटलेली बाई निघाली.

"रडतीस का?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"रडनारी भाडेकरू नगं मला. इंजनाचा आवाज सोसतो, रडन्याचा न्हाई."

"मी नाही रडत," मी ठसक्यात सांगितलं.

"मग र्‍हा."

एवढं बोलून ती आत पळाली. मुलाखत संपली होती. ट्रंक मीच ओढत खोलीत नेली.

तिचा नवरा फौजेत होता. पेन्शनीत आला, येताना डिझेलचं इंजिन घेऊन आला, घराला लागून पिठाची गिरणी मांडली आणि वर्षभरात गेला. चौदाव्या दिवशी आक्कानं इंजिनाचा दांडा फिरवला. गावातले चार शहाणे समजवायला आले. "आक्का, बाईमानसाचं काम न्हवं ह्ये." आक्का म्हणाली, "का? पट्टा बाई-बाप्या बघून फिरतो व्हय?" शहाणे परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरची ज्वारी दळायला आली.

इंजिन पुकपुकायला लागलं की माझ्या खोलीतली भांडी फळीवर नाचायची. वह्यांत पीठ, उशीत पीठ, भांगात पीठ. मी तपासलेली वही पोरं फुंकर मारून उघडायची. पहिल्या महिन्यात मी चिडून चिडून अर्धी झाले. भांडायला जावं तर बाई एका जागी सापडेल तर ना! आत्ता दगडापाशी, आत्ता इंजिनापाशी, आत्ता दारात कोणाच्या तरी पोराचं नाक पुसत. एकदा मी ओरडलेच, "आक्का, जरा एका ठिकाणी थांबा हो!" तर म्हणाली, "दाना थांबला की दगूड जळतो, मास्तरीन." गिरणीचा दगड रिकामा फिरला की तापतो आणि जळका वास सुटतो, हे तिनं पुढं मला दाखवलंही. स्वतःबद्दलही तिचं तेच मत होतं.

आता माझंही एक सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पगार झाला की माझी मनीऑर्डर सांगलीला जायची. थोरला भाऊ कॉलेजात, धाकटा मॅट्रिकला. मागं राहील त्यात मी एकवेळ जेवायची. दुसऱ्या वेळेला उपास. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये एकादश्या, चतुर्थ्या. गावाला वाटायचं, मास्तरीणबाई फार देवभोळ्या. आक्का मात्र एकदा इंजिनाला तेल घालता घालता म्हणाली, "किती द्येव पाळतीस गं? एकादा तरी जेव म्हनतो का तुला?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात उपाशी झोपलेलं चालायचं, हात पसरलेला नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही, हा त्यातला अधिक संताप.

गिरणीच्या दाराशी एक पत्र्याचं पिंप होतं. झाकणाला मूठ जाईल एवढं गोल भोक आणि भोकावर फडक्याचा पडदा. बाकीच्या गिरण्यांत दळताना घट म्हणून धान्य कापून घेत. आक्का घट घेत नसे. त्याऐवजी दळण आणणाऱ्या बाईनं आपल्या पाटीतली एक मूठ पिंपात टाकायची. मूठ आत, हात रिकामा बाहेर. मूठ भरलेली होती की नुसतीच मिटलेली, हे त्या पिंपाला ठाऊक. "जिच्याकडं न्हाई तिनं बी हात घालायचा," आक्का सांगायची. "हात घातला म्हंजी ती आपल्यातली." मीही घालायची. माझी मूठ भरलेली असायची, हे मुद्दाम सांगते. उपाशी असले म्हणून काय झालं!

मंगळवारी गिरणी बंद. त्या दुपारी दहा-बारा बायका पोत्यांवर बसायच्या आणि पिंपातलं धान्य कोणाला द्यायचं ते ठरवायच्या. कोणाची बाळंतीण, कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कोणाच्या नवऱ्यानं घर सोडलेलं. नुसतं धान्यच नाही. कोणाचं खुरपायचं राहिलं तर चौघींनी जाऊन खुरपून यायचं, हेही तिथंच ठरे. आक्का मधून येरझाऱ्या घालत ऐकायची. सरपंचांनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "काय ठराव चाललाय, आक्का?" आक्का म्हणाली, "दळान." सरपंच हसत गेले. बंद गिरणीत कसलं दळण, हे त्यांना घरी पोचल्यावर सुचलं असेल.

या बैठकीला एक सुभेदारीणबाई यायच्या. नवरा फौजेत, घरी उसाचा मळा, गळ्यात बोरमाळ. मन मोठं होतं त्यांचं, पण आवाज त्याहून मोठा. "आज म्या पायलीभर घातली हां," असं त्या चारचौघींत सांगायच्या. पायली मुठीमुठीनं त्या भोकातून जायला अर्धा तास लागत असेल. आक्का म्हणायची, "पिंपाला सांग. आमाला नगं." सुभेदारीणबाई रुसून जायच्या आणि पुढच्या मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या.

आणि पाण्याचा नियम. तो सांगायचा तर त्याच्या आधीचं सांगायला हवं. सुरुवातीला, मी यायच्या आधी, अशीच एक बाई होती, नवरा गेलेली, दोन पोरं पदरात. तिला धान्य द्यायचं ठरत होतं आणि ती तिथंच बसलेली. कोणी म्हणालं दोन पायली द्या, कोणी म्हणालं तिचा दीर काय मेला काय, कोणी म्हणालं पोरं लहान आहेत, दीड पुरे. सगळं तिच्या तोंडावर. ती बाई उठली, पदर खोचला, म्हणाली, "झालं का माझं माप काढून?" आणि निघून गेली. चार दिवसांत पोरांना घेऊन गावातूनच गेली. कुठं, ते कोणाला कळलं नाही. हे मला आक्कानं सांगितलं तेव्हा ती गिरणीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती वेळा गेली असेल! "माझ्या गिरणीतनं गेली ती, मास्तरीन. माझ्या."

तेव्हापासून जिच्याबद्दल बोलायचं तिला पाण्याला पाठवायचं. कोपऱ्यात एक पितळी घागर असायची. आक्का म्हणायची, "जा गं, घागर भरून आन. सावकाश ये. पळत येनाऱ्या बाईमुळं आमचं निम्मं बोलनं र्‍हातं." ती बाई ओळखायची. घागर उचलताना तिच्या तोंडाकडं कोणी बघायचं नाही. ती परत येईपर्यंत ठरलेलं असायचं, आणि तिच्यासमोर त्याचा एक शब्दही निघायचा नाही. नको असेल तर तिनं घागर रिकामी आणायची. मग तो विषय कायमचा बंद, पुन्हा काढायचा नाही. घागर भरून आणली तर दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी पोतं. स्वतः दोन घटका एका जागी उभी न राहणारी आक्का दुसऱ्या बाईला म्हणायची सावकाश ये, याचं मला हसू यायचं.

कोंडाबाईला असंच पाठवलेलं मी पाहिलं. ती माणदेशातली, धनगराची. दुष्काळात मेंढरं विकून इकडं खडी फोडायला आलेली. तिला वाटलं खरंच पाणी हवंय. ती जी पळत गेली ती पळतच परत आली, आणि धापा टाकत म्हणाली, "कोन पिनार हाय?" आम्हाला हसावं की रडावं कळेना. आक्कानं तांब्या भरून घेतला आणि सगळा प्याली. पुढं कोंडाबाई मंगळवारची पक्की झाली. खडी फोडून आलेला तिचा घट्टे पडलेला हात पिंपाच्या भोकातून जेमतेम जायचा, पण जायचा.

बहात्तरचं साल ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आड आटले. शाळेपाशी बोअर मारून हापसा बसवला, त्याच्याभोवती दिवसभर भांडणं. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना रूप. दळण कमी झालं, पिंपाचा तळ दिसायला लागला. ज्यांच्याकडं दळणापुरतंही नव्हतं त्यांचं आक्का फुकट दळायची, आणि डिझेलसाठी तिनं पाटल्या कधी मोडल्या ते हात मोकळे दिसले तेव्हा कळलं. ती जास्तच फिरायला लागली. मलाही एका जागी बसवेना. शाळेतून आले की मी खोलीत येरझाऱ्या घालायची, पलीकडं ती घालायची. मध्ये भिंत.

त्याच दिवसांत माझ्या काही गोष्टी लक्षात यायला लागल्या. चहात मीठ पडलं, एकदा नाही, तीनदा. पोतं शिवायच्या सुईत सुतळी ओवायला ती हल्ली शेजारच्या पोरीला हाक मारायची. मी दारात उभी असले आणि बोलले नाही तर ती माझ्याकडं बघून "कोन हाय?" म्हणायची. एका मंगळवारी म्हणाली, "आज सुभेदारीन न्हाई आली?" आणि सुभेदारीणबाई तिच्यापासून चार हातांवर बोरमाळ चाळवत बसल्या होत्या. बाई गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या तेव्हाच मला समजायला हवं होतं की नुसतं मलाच कळलेलं नाही.

दळायला डोळे लागत नाहीत, हे तिचं सोंग टिकायचं कारण. पीठ जाड पडतंय की बारीक, ते ती चिमटीत धरून सांगायची. दगड गुळगुळीत होऊन त्याला टाकी लावायची वेळ झाली की आवाजावरून ओळखायची. पण इंजिनापासून दगडापर्यंत धावणारा पट्टा आवाज करून सांगत नाही की मी इथं आहे. एका संध्याकाळी मी दळण घ्यायला गेले. ती इंजिनाकडून दगडाकडं निघाली आणि नेहमीपेक्षा वीतभर उजवीकडून गेली. पदर पट्ट्यात गेला. क्षणात ती ओढली गेली. मी काय केलं मला आठवत नाही. कोंडाबाई दारात होती, ती सांगते की मी किंचाळत आक्काच्या कमरेला मिठी मारली. पदर टर्रकन फाटला म्हणून दोघी वाचलो. फाटका तुकडा पट्ट्याबरोबर गरगर फिरत राहिला.

इंजिन बंद केल्यावर ती म्हणाली, "जुनं लुगडं हुतं. बरं झालं."

"आक्का, तुम्हाला दिसत नाही."

"दिसतंय."

"माझ्या हातात काय आहे?"

तिनं डोळे बारीक केले. माझ्या हातात काहीच नव्हतं. एवढंही तिला सांगता आलं नाही.

मग ती माझ्यावर उखडली. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत आहे, तिला माहीत आहे, मिरजेला काढतात हेही माहीत आहे, तू शिकवू नकोस. "म्हैनाभर गिरणी बंद ठिवायची व्हय? बायका रहिमतपूरला जातील दळाय. एकदा सवय लागली की पिंप मोडलं, मंगळवार मोडला. ह्या सालात मोडला तर पुन्ना न्हाई जमनार. कुनाला बोललीस तर खोली खाली कर." आणि ती काळोख्या गिरणीत फिरायला लागली, हातानं पोती चाचपत. "नाही बोलत," मी कबूल केलं.

मी बोलले नाही. पंधरा दिवस बोलले नाही, आणि ते पंधरा दिवस मी वैऱ्यालाही देणार नाही. वर्गात पाढे म्हणून घेताना कान इंजिनाकडं. पुकपुक जरा अडखळली की खडू हातातून पडायचा. वाटायचं, आत्ता पदर. आत्ता हात. खोली गेली तर गावात दुसरी मिळणार नव्हती, हे खरं. पण खरं सांगायचं तर मी खोलीला भ्याले नव्हते. तिच्या रागाला भ्याले होते. आयुष्यात मी कोणाला भ्याले असेन तर त्या बाईला.

शेवटी हापशावर कोंडाबाईला गाठलं. "आक्काला दिसत नाही," मी म्हणाले.

कोंडाबाई दांडा मारत राहिली. "म्हाईत हाय."

"तुला?"

"सगळ्यास्नी म्हाईत हाय, बाई. तिची बशी जागेवर कोन ठेवतंय? जळनातली काटकी वाटंतनं कोन उचलतंय?"

"मग बोलत का नाही कोणी?"

"कोन बोलनार? पान्याला धाडनारी ती. तिला कोन धाडनार?" तिनं घागर डोक्यावर घेतली आणि माझ्याकडं बघितलं. "तुमी साळंत बोलता न्हवं. तुमी बोला."

त्या मंगळवारी अकरा जणी होत्या. पिंपातलं धान्य काढून झालं होतं, अर्धं पोतंही भरलं नव्हतं. आक्का फिरत होती. "सांगा कुनाचं बघायचं. सुताराच्या सुनंचं का?" पोरांना रागे भरताना गाव ऐकतं माझा आवाज, पण त्या दिवशी तो निघेना. मी उठले, कोपऱ्यातली घागर उचलली आणि आक्कासमोर धरली.

"आक्का, जरा पाणी घेऊन या."

ती थांबली. इतकी गच्च थांबली की मला भीती वाटली. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. नियमच होता.

"मास्तरीन," ती हळू म्हणाली, "हीच का तुझी जबान?"

"सावकाश या," मी म्हणाले.

तिनं हात पुढं केला तो घागरीच्या बाजूनं गेला. मी घागर हलवली, तिच्या हाताखाली नेली. ती घेऊन बाहेर पडली.

बोलायचं फार नव्हतं. सुभेदारीणबाई म्हणाल्या, "इंजिन मी चालवीन." सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. "काय बघता? फौजेतल्याची बायको हाय मी." कोंडाबाई म्हणाली, दगड ती बघेल, खडीवर नाही गेली तर काय जग बुडणार नाही. दोघी माप बघतील, दोघी झाडलोट. मंगळवार सोडला तर गिरणी एक दिवसही बंद राहणार नाही. गाडीभाडं आणि तिथला खर्च पिंपातलं धान्य विकून. सुट्टी काढून मी सोबत. पाच मिनिटांत झालं. आणि मग आम्ही नुसत्या बसलो, कान देऊन. गिरणीपासून हापसा दोन बोळ सोडून, पण दुपारच्या वेळी त्याचा आवाज यायचा.

बराच वेळ काही नाही. मी उठले तर कोंडाबाईनं माझा हात धरून खाली बसवलं. "बसा. तिचाच नेम हाय. एकटीनं जायाचं."

मग आवाज आला. किर्र-खट. किर्र-खट. ती पोचली होती. मी श्वास सोडला. घागर भरायला वीस-बावीस हात लागतात, हे गावातलं पोरही सांगेल. वीस झाले. तीस झाले. हापसा थांबेना. चाळीस. सुभेदारीणबाईंनी तोंडाला पदर लावला. कोंडाबाई पुटपुटली, "धारंखाली न्हाई घागर."

तेव्हा मला लख्ख कळलं. रिकामी घागर घेऊन ती सरळ परत येऊ शकली असती. मग विषय कायमचा बंद, तिच्याच नियमानं. तेच करेल असं मला वाटत होतं. पण ती भरत होती. तिला हो म्हणायचं होतं, आणि घागर कुठं न् धार कुठं ते तिला दिसत नव्हतं. दुष्काळातलं पाणी जमिनीत चाललं होतं आणि ती दांडा मारत होती. मी रडले. रडणारी भाडेकरू नको म्हणाली होती, तरी रडले.

ती आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पायाचा अंगठा ठेचलेला, त्याला रक्त. घागर तिनं मध्ये ठेवली. सुभेदारीणबाई वाकल्या, आत बघितलं, आणि त्यांचा तो मोठा आवाज घोगरा झाला.

"हाय. पानी हाय. चांगलं वीतभर हाय."

"तेवढंच आलं," आक्का म्हणाली. "बाकीचं सांडलं. झालं का तुमचं बोलून?"

"झालं," सगळ्या एकदम म्हणाल्या. आणि तिच्याच नियमानं पुढं कोणी एक शब्द बोललं नाही.

आठवड्यानं रहिमतपूर स्टेशनवरून आम्ही मिरजेची गाडी धरली. मिरजेचं सांगितलंच मी आधी. वाळूच्या पिशव्यांमधून तिचा आवाज चालू असायचा. "दाना थांबला गं, मास्तरीन. दगूड जळाय लागला." मान हलवायची नाही म्हटल्यावर तिनं पाय हलवायला सुरुवात केली. अंगठ्यावर अंगठा घासायची दिवसभर. नर्सबाई वैतागली. मी उशाशी बसून तिला गिरणीतून आलेलं पत्र वाचून दाखवायची. पत्र सुताराच्या पोरानं लिहिलेलं, मजकूर कोंडाबाईचा. सुभेदारीणबाईंनी पहिल्या दिवशी दांडा उलटा फिरवला आणि बोरमाळ तुटली. सगळ्या इंजिनाखाली मणी शोधत बसल्या. गव्हाच्या पिठात मिलो मिसळली म्हणून दोन घरची भांडणं झाली. गिरणी एक दिवस बंद नाही. आक्का हसायची, आणि हसताना मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी डोकं धरायची.

पट्टी निघाली तरी नीट दिसायला चष्मा लागायचा होता. तो दीड महिन्यानं आला. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा. मंगळवारीच आला. आक्कानं तो चढवला आणि सगळ्या गिरणीवरून नजर फिरवली. कोंडाबाईला म्हणाली, "दगडाला टाकी वाकडी लावलीस." सुभेदारीणबाईंना म्हणाली, "किती काळी पडलीस गं!" सुभेदारीणबाईंनी हात पुढं करून इंजिनाचे घट्टे दाखवले, जशी कोणी पाटली दाखवावी. मग पिंप बघितलं, पट्टा बघितला. आणि शेवटी मी.

ती माझ्याकडं बघतच राहिली. भिंगांमागं डोळे हे एवढे मोठे दिसायचे. मी पदर सारखा केला. मला एकाएकी कळलं की या बाईनं मला नीट पाहिलेलंच नाही, कितीतरी दिवस. पोलक्याच्या ढगळ बाह्या, गळ्याची हाडं. दुष्काळात माझे देव वाढले होते. मंगळवारसुद्धा मी गणपतीला दिला होता.

"आज कुनाचा उपास?" तिनं विचारलं.

"गणपतीचा," मी म्हणाले.

"हं." ती दोन पावलं इकडं गेली, दोन तिकडं. मग कोपऱ्यात गेली, घागर उचलली, आणि आणून माझ्यासमोर धरली. अगदी बरोबर माझ्या हातांसमोर.

"मास्तरीन, जरा पानी घिऊन ये."

माझ्या कानशिलांना आग लागली. पगारदार बाई मी, सांगलीची, दर आठवड्याला मूठ भरून घालणारी. तोंडात शब्द आला होता, तिखट. बघितलं तर अकरा माना खाली गेलेल्या.

"सावकाश ये," आक्का म्हणाली.

हापशापर्यंत मी कशी गेले मला ठाऊक नाही. रागानंच गेले असणार. घागर धारेखाली ठेवली आणि दांड्याला हात न लावता उभी राहिले. रिकामी नेली असती तर पुन्हा कोणी विषय काढला नसता, नियमच होता. कठड्यापाशी ती जागा दिसत होती जिथं दोन महिन्यांपूर्वी एक बाई चाळीस हात मारून उभी होती. तिला धार दिसत नव्हती. मला चांगली दिसत होती.

मी दांडा धरला. बावीस हात मारले. घागर तोंडोतोंड भरली, डोक्यावर घेतली आणि निघाले. सावकाश निघाले. त्यांचं बोलून व्हायला हवं होतं.